नोटरीची सनद: मेमोरियल, मुलाखत आणि रजिस्टर

नोटरीसाठी लेखी परीक्षा नाही. अर्ज आणि मुलाखत, एवढ्यावर नेमणूक ठरते. हा अर्ज म्हणजे नोटरी नियम, 1956 मधला नमुना दोनचा मेमोरियल. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो त्यावरच्या सह्यांना.

आधी पात्रता. वकिलीची किमान 10 वर्षं हवीत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि महिला वकिलांना 7 पुरतात. मधे नोकरीसाठी वकिलीची सनद स्थगित केली असेल तर तो काळ यात धरू नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सनद आणि आधार जुळत नाहीत, तेव्हा राजपत्राची प्रत आधीच जोडून ठेवा.

मेमोरियलवर आपल्याखेरीज पाच सह्या लागतात: दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि जिथे काम करायचं त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. तालुक्याच्या गावी आपलं खातं बहुधा जिल्हा मध्यवर्ती बँकेत नाहीतर पतसंस्थेत असतं. तिथले साहेब ओळखीचे, सही लगेच मिळते, पण ती चालत नाही. रहिवासीही आपल्या घराशेजारचे नव्हे, मागितलेल्या क्षेत्रातलेच हवेत. प्रत्येक सहीखाली नाव, पत्ता, तारीख आणि असेल तिथे शिक्का लगेच घ्यावा. एका शिक्क्यासाठी पुन्हा त्याच दारात जाणं फार जिवावर येतं.

अर्ज जिल्हा न्यायाधीशांमार्फत मंत्रालयातल्या विधि व न्याय विभागाकडे जातो. त्या भागाचं व्यापारी महत्त्व किती, तिथे आणखी नोटरींची गरज आहे का, हेही शासन बघतं. म्हणून कागद बिनचूक असूनही थांबावं लागू शकतं.

मुलाखतीला प्रतिज्ञापत्र आणि खरी नक्कल एवढ्या तयारीवर जाऊ नये. नोटरी कायदा, 1952 चं कलम 8, म्हणजे नोटरीच्या कामांची यादी, पाठच हवं. न वटलेल्या हुंडीचं नोटिंग आणि प्रोटेस्ट, म्हणजे ती वटली नाही याची नोटरीने केलेली नोंद आणि दिलेला दाखला (1881 चा चलनक्षम दस्तऐवज कायदा), नीट वाचा. रोजच्या वकिलीत ते येतच नाही आणि नियमांत तर वाणिज्य कायद्याची जाण हा स्वतंत्र निकष आहे. नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राबद्दल न्यायालय काय गृहीत धरतं, तेही सांगता यायला हवं. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 85 ते हेच.

नेमणूक झाली की 5 सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का करायचा. त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचं नाव लागतं. खरी जोखीम मात्र रजिस्टरची, म्हणजे केलेल्या प्रत्येक कामाच्या नोंदवहीची. पक्षकार समोर बसलेला असतानाच नोंद लिहायची आणि त्याच ओळीत त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. "साहेब गाडीत बसलेत, मी कागद आणलाय," असं कुणी म्हणालं तर कागद परत द्यायचा. मागाहून सहीसाठी ओळ मोकळी सोडली की पुढे कोर्टात नेमकी तीच दाखवली जाते.

वर्षभराच्या नोंदींचं विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शासनाला द्यावं लागतं. नोटरीच्या सनदेची मुदत 5 वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या सहा महिने आधी पोचलेला हवा.