जुनी बोट घ्यावी का?

इथे तळ्याकाठी राहायला आल्यापासून बोटीचं वेड डोक्यात आहे. नवी परवडणारी नाही. तेवढ्यात शेजाऱ्याच्या ओळखीतून एक जुनी मोटरबोट विकायला असल्याचं कळलं. साडेपाच मीटर लांब, फायबरग्लासची, मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. मालक म्हणाले, "थोडं काम आहे, दोन शनिवारात होईल."

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचा जन्म सुतारकामात गेला. त्यांनी इंजिनाचं नावही काढलं नाही. "आत लाकूड आहे ना? मग आधी ठोकून बघ. रंगावर जाऊ नकोस."

आत लाकूड असतंच. फायबरग्लासच्या जुन्या बोटींत मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, बहुधा प्लायवूडची असते आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लासने मढवलेली असते. इंजिनाचा सगळा भार आणि ओढ तिच्यावरच. कुणीतरी कधीतरी एखादा स्क्रू मारतो, भोक नीट बुजवत नाही, आणि पाणी आत मुरायला लागतं. वर्षानुवर्षं लाकूड आतून कुजतं, वरून मात्र बोट चकचकीत.

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेपासून ठोकत गेलो. वरच्या भागात टणटणीत आवाज. खाली, पाणी काढायच्या बुचाजवळ, भद्द. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, पुन्हा भद्दच. मग इंजिन अर्धं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर दिला, तर अख्खी भिंत किंचित हलली. पोटात गोळा आला.

वाईट याचं वाटलं की इंजिन खरंच चांगलं होतं. आम्ही येण्याआधी ते सुरू करून ठेवू नका, असं मी बजावलं होतं, कारण गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. थंड असतानाही ते दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, जवळपास सारखं. गिअरचं तेल थोडं काढून पाहिलं, त्यात दुधाळपणा नाही, म्हणजे सीलमधून पाणी शिरलेलं नाही.

रात्री झोप लागेना. ट्रान्सम बदलायचा म्हणजे इंजिन उतरवा, आतला थर कापा, कुजलेलं लाकूड खरवडून काढा, नवं प्लायवूड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनने, बसवा आणि त्यावर पुन्हा फायबरग्लासचे थर चढवा. त्या धुळीत मास्क आणि चष्म्याशिवाय उभं राहायचं नाही. वर छप्पर हवं. माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार, आणि लेकीला याच उन्हाळ्यात पाण्यावर जायचंय. दुरुस्तीचीच आवड असलेल्या माणसाने अशी बोट खुशाल घ्यावी. मला पाणी हवं आहे.

तरी खात्री करायची म्हणून मालकांच्या परवानगीने आतून तीन बारीक भोकं पाडली. वरच्या भोकातून कोरडा, पिवळसर भुसा आला. मधल्यातून ओलसर. खालच्यातून काळा चिखल बाहेर आला आणि त्यामागून तपकिरी पाण्याची धार. मालक बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले. त्यांनाही हे माहीत नसावं, असं मला मनापासून वाटतं.

"मग नुसतं इंजिन घेता का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. आता इंजिन गेलेली पण भक्कम अंगाची बोट शोधतोय. बाबांनी विचारलंय, ठोकताना फोन चालू ठेवशील का.