क्यूआर कोड पॅकिंग लाइनवर आला तेव्हा

१ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं केंद्र सरकारनं सक्तीचं केलं. कोड स्कॅन केला की औषधाचं नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक असं सगळं दिसलं पाहिजे. आमच्या औषध कंपनीचे काही ब्रँड त्या यादीत होते. भांडुपच्या प्लँटमध्ये त्यासाठी पॅकिंग लाइनवर प्रिंटर, कॅमेरा आणि कोड नीट न उमटलेलं कार्टन आपोआप बाहेर ढकलणारी यंत्रणा बसणार होती. मशीन आणायचं काम इंजिनीअरिंगचं. कामगारांशी बोलून ते सुरू करून घेण्याचं काम पर्सोनेलमधून माझ्याकडे आलं.

बातमी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी गेट मीटिंग झाली. ओव्हरटाइमला कुणी थांबेना, ट्रेनिंगच्या यादीवर सही करायला कुणी तयार होईना. वरच्या मीटिंगमध्ये लगेच निष्कर्ष निघाला की पॅकिंगवर पन्नाशीच्या बायका आहेत, त्यांना स्क्रीनची भीती वाटते. मला ते अजिबात पटलं नाही. ह्याच बायका ठाण्याच्या बाजारात भाजीचे पैसे क्यूआर स्कॅन करून देतात, गावी पैसे मोबाइलवरून पाठवतात. अडचण दुसरीच काहीतरी होती, आणि ती शोधल्याशिवाय ट्रेनिंगची तारीख ठरवायची नाही, असं मी प्लँट हेडना स्पष्ट सांगितलं.

मग एकेका लाइनचे लोक घेऊन बसायला लागले. शिफ्टच्या वेळेतच, कॅन्टीनच्या मागच्या खोलीत, सुपरवायझरला बाहेर ठेवून. प्रश्न एकच विचारायचे: ह्या मशीनमुळे तुमचं काय जाईल असं वाटतं?

पहिलं उत्तर ऐकून मी चपापले. एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, मशीनला चाकं कशाला?" प्रिंटर-कॅमेऱ्याचा तो भाग सुट्ट्या युनिटसारखा येतो, खाली चाकं असतात, हे त्यांनी मशीन कंपनीच्या माहितीपत्रकातल्या फोटोत पाहिलं होतं. चाकं आहेत म्हणजे उद्या ढकलत ट्रकमध्ये घालता येतं. हा संशय हवेतून आलेला नव्हता. २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला अबकारी करात सूट मिळाली आणि कितीतरी औषध कंपन्यांचं उत्पादन हिमाचलमधल्या बद्दीकडे गेलं. आमच्या एलबीएस मार्गावर कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिलेले सगळे रोज बघतात. आणि आमच्यातल्या कित्येकांचे वडील लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप त्यांच्या घरात घडला होता. अशा घरातल्या माणसानं नव्या मशीनकडे संशयानं पाहिलं, तर त्याला आडमुठेपणा म्हणणं अन्यायाचं आहे, असं मला आजही वाटतं.

दुसरी गोष्ट इन्सेंटिव्हची. लाइनवर तासाला किती कार्टन निघतात त्यावर ते ठरतं. कॅमेरा कार्टन बाहेर फेकणार, मेंटेनन्सवाला येईपर्यंत लाइन थांबणार, आणि पगारातून पैसे मात्र पॅकिंगच्या लोकांचे कमी होणार. हिशोब सरळ होता. तिसरी गोष्ट लॉग-इनची. आता प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, म्हणजे चूक कुणाची ते नावासकट दिसणार. आणि चौथी अगदी साधी: ट्रेनिंग शिफ्ट सुटल्यावर ठेवलं होतं. तीनला सुटून बदलापूरची गाडी पकडणारी बाई साडेचारला सुटली तर घरी कधी पोचणार, स्वयंपाकाला कधी लागणार?

ह्यातल्या एकाही प्रश्नाला पोस्टर लावून किंवा भाषण देऊन उत्तर मिळणार नव्हतं. उत्तर कागदावर हवं होतं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९अ प्रमाणे चौथ्या अनुसूचीतल्या बाबींत, म्हणजे वेतन, कामाचे तास, कामगार कपात होऊ शकेल अशी तांत्रिक सुधारणा, ह्यांत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागायची. आमच्या वकिलांचं म्हणणं होतं की कपात नाही, तर नोटिशीची गरज नाही. मी म्हटलं, कपात नाही ना? मग तेच लिहून द्या आणि युनियनशी करार करा. ह्यावर बरेच दिवस गेले. मी मागे हटले नाही.

त्या वादात मला एका जुन्या अभ्यासाचा उपयोग झाला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच ह्या संशोधकांनी तो केला, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला फक्त निर्णय कळवला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत काम सोडून गेले आणि उत्पादन पूर्वीच्या पातळीवर आलंच नाही. ज्या गटांतल्या सगळ्यांनी नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला, त्यांतलं त्या काळात कुणीही गेलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षा वाढलं. प्लँट हेड इंजिनीअर माणूस, त्यांना आकडे पटले. करारावर सह्या झाल्या: कपात नाही, सुरुवातीच्या काळात इन्सेंटिव्ह मागच्या सरासरीइतकं पक्कं, त्या काळातल्या रिजेक्शनवरून मेमो नाही, ट्रेनिंग लाइन थांबवून शिफ्टमध्येच, स्क्रीनवरच्या सूचना मराठी आणि हिंदीत. प्लँट हलवणार नाही असं मात्र कंपनीनं लिहून दिलं नाही. ते मी लोकांना जसंच्या तसं सांगितलं. चाकांचं म्हणाल तर बसवताना ती काढून युनिट फरशीला बोल्ट केलं. मशीन हलू नये म्हणून ते करायचंच होतं, फक्त आम्ही ते सगळ्यांसमोर केलं.

लॉग-इनचा प्रश्न करारानं सुटणारा नव्हता. तो पहिल्या ट्रायलमध्ये थोडा सुटला. एका बॅचला कार्टनचा हिशोब जुळेना. पूर्वी अशा वेळी संशय पहिल्यांदा लाइनवरच्या बायकांवर जायचा. ह्या वेळी नोंदी काढल्या तर लाइनला कार्टनच कमी दिली गेली होती, चूक स्टोअरची होती. त्यानंतर पासवर्डबद्दलची कुरकुर कमी झाली.

खरी परीक्षा जुलैच्या पावसात झाली. कॅमेरा भराभर कार्टन बाहेर टाकायला लागला. मशीन पुरवणारे इंजिनीअर सेटिंग बदलत राहिले. तेव्हा चाकांबद्दल विचारणाऱ्या त्याच मावशींनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, दमट हवेत कार्टन वाकतं आणि प्रिंटरखाली नीट बसत नाही. त्या आधीपासून गठ्ठा आदल्या दिवशीच एसीत आणून ठेवायच्या, ते कुठल्याच एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, नव्हतं. दुसरं, कोड छापायच्या जागी कार्टनवर चकचकीत वार्निश होतं, शाई सुकण्याआधीच पुसली जात होती. पुढच्या ऑर्डरला छापखान्याला तेवढा चौकोन वार्निशशिवाय सोडायला सांगितलं. रिजेक्शन लगेच उतरलं. ती एसओपी आता मावशींच्या सांगण्यावरून लिहिलेली आहे आणि नव्या मुलांना ट्रेनिंग त्याच देतात.

सगळेच राजी झाले असं नाही. एका सीनिअर फिटरनी शेवटपर्यंत लाइनला हात लावला नाही, जुन्या मशीनवर बदली मागितली, आम्ही ती दिली. युनियनच्या कमिटीतल्या एकानं करार कमी पडला म्हणून राजीनामा दिला. त्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. करार झाला तो पर्मनंट लोकांसाठी. लाइनच्या टोकाला शिपर बॉक्स, म्हणजे माल पाठवायचे मोठे खोके, भरणारी कंत्राटी मुलं त्यात नाहीत, आणि यंत्र वाढलं तर आधी हात कमी होतील ते त्यांचेच. दुसऱ्या लाइनची ऑर्डर जायच्या आधी त्यांच्या कामाचं काय, हे लेखी ठरावं असा प्रस्ताव मी दिला आहे. युनियनही ह्या वेळी मशीन पाहायला पुरवठादाराकडे आपला माणूस पाठवणार आहे. प्रस्तावावर अजून सही झालेली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मीटिंग लावली आहे.