प्रोसेसर १८ टक्क्यांवर, तरी टिक्

रेकॉर्डिंग स्टुडिओंचे कॉम्प्युटर जोडून देणं आणि अडली की सोडवणं हे माझं काम. नुकतंच एक प्रकरण हाताळलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

एका स्टुडिओने नवं ब्रँडेड मशीन घेतलं होतं. वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, भरपूर रॅम. मालकांचा फोन आला तेव्हा गायिका माइकसमोर उभ्या होत्या आणि टेकमध्ये, म्हणजे चालू ध्वनिमुद्रणात, मधूनच 'टिक्' वाजत होतं. मी पोचेपर्यंत त्यांनी केबल बदलली होती, माइक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेसही बदलून पाहिला होता. टास्क मॅनेजर दाखवत म्हणाले, "बघा ना, प्रोसेसर १८ टक्क्यांवर आहे. लोड आहे कुठे?"

लोड नव्हताच, आणि नेमकं हेच लोकांच्या गळी उतरत नाही. रेकॉर्डिंगच्या मशीनने किती काम उपसलं यापेक्षा ते दर वेळी वेळेवर हजर झालं का, हे महत्त्वाचं. आवाज छोट्या तुकड्यांत ये-जा करतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद. सेकंदाला ७५० वेळा, तासाला २७ लाख वेळा हा बफर मुदतीत द्यायचा. मध्ये एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने, प्रोसेसर दोन मिलिसेकंद अडवून धरला की आवाज तुटतो. सरासरी दाखवणाऱ्या आलेखात हे दिसणारच नाही.

लेटन्सीमॉन, म्हणजे असा विलंब (लेटन्सी) मोजणारं सॉफ्टवेअर, लावलं. काही सेकंदांच्या अंतराने विलंबाचं टोक वर जात होतं आणि नाव एसीपीआयच्या, म्हणजे वीज आणि तापमान सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, ड्रायव्हरचं येत होतं. कंपनीनेच घालून दिलेलं पंखा आणि तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर सारखं सेन्सर विचारत होतं. ते काढल्यावर टोकं कमी झाली, पण गेली नाहीत. मग बायोस, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेली सेटिंग्ज, उघडलं. तारीख, पासवर्ड, बूट कुठून करायचं, संपलं! प्रोसेसरला डुलकी घेऊ न देण्याचा, म्हणजे सी-स्टेट बंद करण्याचा पर्यायच नाही. स्वतः विकत घेतलेल्या मशीनमध्ये मालकाला एवढाच अधिकार ठेवतात, याची मला मनापासून चीड आहे.

गायिका ताटकळत होत्या. बफर १०२४ सॅम्पलचा केला, म्हणजे मुदत वाढवली, टिक् थांबलं. पण आता त्यांचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये यायला ४० मिलिसेकंदांहून जास्त लागणार. तसं कोणालाच गाता येत नाही. म्हणून मूळ आवाज इंटरफेसच्याच मिक्सरमधून थेट दिला आणि कॉम्प्युटरमधून फक्त रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा परिणाम, त्यात कोरा आवाज शून्य. रिव्हर्ब उशिरा पोचला तरी तो मुद्दाम थोडा मागे ठेवल्यासारखाच, म्हणजे प्री-डिले दिल्यासारखाच वाटतो. त्या म्हणाल्या, "हां, आता बरं वाटतंय." पुढचा टेक स्वच्छ आला. ही युक्ती मला फार प्रिय आहे.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "हे परत करतो. तुम्ही असेंबल करून देता?"

करून देईन, आवडीने देईन. मी आधी मदरबोर्ड निवडतो, प्रोसेसर नंतर. बायोस पूर्ण उघडं हवं, वायफायचा ड्रायव्हरही प्रोसेसर अडवू शकतो, म्हणून ते तिथूनच बंद करता यायला हवं. एका ट्रॅकवरचे प्लगइन, म्हणजे आवाजावर परिणाम देणारी छोटी सॉफ्टवेअरं, एकामागोमाग प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे कोअरची संख्या मोजण्याआधी एका कोअरचा वेग पाहतो. १४० मिलिमीटरचे, हळू फिरणारे पंखे, कमी लोडला पंखा थांबवणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), जड कॅबिनेट. मशीन माइकच्याच खोलीत असेल तर त्याची घरघर टेकमध्ये ऐकू येते. डिस्कची काळजी मात्र लोक उगाच करतात. २४ बिटचे २४ ट्रॅक एकदम घेतले तरी सेकंदाला साडेतीन मेगाबाइटच होतात.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. याच मॉडेलचं मशीन माझ्या ओळखीच्या दुसऱ्या स्टुडिओत आहे आणि ते ६४ सॅम्पलच्या बफरवर निर्धास्त चालतं. ते उघडून पाहिलं. वायफाय कार्ड वेगळ्या कंपनीचं, बायोसची आवृत्ती जुनी. खोक्यावरचं नाव तेच. मग रेडिमेड वाईट, असं कुठल्या तोंडाने सांगू?

शिवाय असेंबल केलेल्या मशीनला प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. एखाद्या अपडेटसोबत ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आला आणि टिक् परतलं, तर शोधायचं कोणी? या मालकांना बायोस उघडायची भीती वाटते, आणि त्यात गैर काही नाही. त्यांचं काम गाणं टिपायचं आहे. अशा माणसाला खास ऑडिओसाठी बांधून, लेटन्सी तपासूनच मशीन पाठवणारे लोक जास्त योग्य ठरतील. ते महाग पडतात, पण फोन कोणाला करायचा हे ठरलेलं असतं.

कंपनीच्या मदत केंद्राचं उत्तर आलं: सर्व चाचण्या उत्तीर्ण, मशीनमध्ये दोष नाही. त्यांच्या चाचण्यांत लेटन्सी मोजतच नाहीत, तर दोष सापडणार कसा?

परत करायची मुदत अजून आहे. कंपनीने परवानगी दिली तर दुसऱ्या स्टुडिओतली जुनी बायोस आवृत्ती यात घालून, वायफाय कार्ड काढून रात्रभर लेटन्सीमॉन चालू ठेवणार आहे. टोकं गेली तर हेच मशीन ठेवा म्हणेन. नाही गेली तर असेंबल करायच्या आधी एक गोष्ट त्यांच्याकडून ठरवून घेईन, की वर्षभर ते अपडेट मला विचारल्याशिवाय घेणार नाहीत.