मुलुंडच्या फ्लॅटमध्ये कार्बन रोड बाईक जोडली, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, पैसे वाचतात म्हणून कोणी हे करायला घेणार असेल तर एकदा कागदावर हिशोब मांडून बघा. चायनाची ओपन मोल्ड कार्बन फ्रेम मोठ्या ब्रँडच्या फ्रेमपेक्षा खूपच स्वस्त पडते हे खरं, पण ब्रँडवाला जे जास्तीचे पैसे घेतो त्यातले काही कोणीतरी प्रत्येक फ्रेम उलटीसुलटी करून बघतो त्याचे असतात. स्वस्त फ्रेम घेतली की ते बघायचं काम आपल्या गळ्यात पडतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ सायकल जोडण्यात नाही, मोजण्यात आणि टॉर्च मारून बघण्यात गेला.

ओपन मोल्ड म्हणजे साचा कारखान्याचाच असतो, तीच फ्रेम कोणीही घेऊन आपलं नाव छापून विकू शकतं. ह्यात लपवाछपवी काही नाही. लपवाछपवी आहे ती मोठ्या कंपनीचं खोटं नाव रंगवलेल्या फ्रेममध्ये, ती चुकूनही घेऊ नका, जो माणूस नाव खोटं लावतो तो आत कापड किती थर घालतो हे देवालाच ठाऊक. मी प्लेन काळी, मॅट, कुठलंही नाव नसलेली घेतली. सेलर लोक टी ७००, टी ८०० असं फार मिरवतात, ती टोरे ह्या जपानी कंपनीच्या फायबरची नावं आहेत, पण थर कसे आणि कुठल्या दिशेने घातलेत ते त्यातून काहीच कळत नाही. तसंच यूसीआयचं, म्हणजे सायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेचं स्टिकर. ते फ्रेमचा आकार रेसच्या नियमांत बसतो एवढंच सांगतं, मजबुतीशी त्याचा संबंध नाही. मजबुतीसाठी आयएसओ ४२१० ह्या सायकलच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची टेस्ट असते, तिचा रिपोर्ट मागायचा, त्यावर मॉडेल नंबर आपलाच आहे का ते बघायचं. एका सेलरने ह्या प्रश्नावर उत्तरच दिलं नाही, तिथेच तो कटाप.

फ्रेम निवडताना मी दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा दांडा जिच्यात फिरतो ती बेअरिंग) आट्यांची पाहिजे, ती पण बीएसए ह्या साध्या मापाची. प्रेसफिट, म्हणजे आट्यांशिवाय नुसत्या दाबून बसवलेल्या बीबी मुंबईच्या दमट हवेत आज ना उद्या करकरायला लागतात, आणि टी ४७ हे आट्यांचं दुसरं माप चांगलं असलं तरी त्याचा पाना गल्लीतल्या दुकानात मिळणार नाही, बीएसए कुठेही मिळते. दुसरी, वायरी हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) जाणारी फ्रेम नको. दिसायला ती एकदम झकास दिसते, हँडलपुढे एक वायर दिसत नाही, पण आपल्याकडे चार महिने पाऊस, हेडसेटचं बेअरिंग गंजणार म्हणजे गंजणारच, आणि मग खालचं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकच्या नळ्या सोडा, तेल परत भरा, एवढा सगळा व्याप. माझ्या फ्रेमला वायरी डाऊन ट्यूबच्या (पुढून बीबीकडे येणाऱ्या तिरक्या नळीच्या) भोकातून आत जातात. लोक म्हणतात जुनाट दिसते. दिसू दे.

अलीएक्सप्रेसवर २०२० मध्ये बंदी आली तेव्हापासून तो रस्ता बंद, म्हणून सरळ श्यामेनच्या एका विक्रेत्याशी मेलवर बोलून मागवली. इनव्हॉइस खऱ्या किमतीचं बनवायला सांगितलं, तो आपणहून विचारत होता कमी लिहू का म्हणून. कमी लिहून कस्टममध्ये अडकली तर सोडवायला कोण जाणार? कुरिअरवाल्याने केवायसीला आधार-पॅन मागितलं, ड्युटी आणि जीएसटी भरला, बॉक्स घरी आला. आणि हो, मागवतानाच डिरेलर (गिअर बदलणारा मागचा पार्ट) ज्याला लटकतो ते हँगर दोन जास्तीचे मागवा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, सायकल नुसती उजव्या बाजूला आडवी पडली तरी तो वाकतो, आणि नंतर अख्ख्या मुंबईत शोधून सापडणार नाही.

बॉक्स उघडल्यावर लगेच पार्ट लावायला बसायचं नाही. आधी टॉर्च. बीबीच्या भोकातून आत बघितलं तर पांढऱ्या प्लॅस्टिकचा चुरगळलेला तुकडा चिकटलेला, फ्रेम बनवताना आत फुगा भरतात त्याचा राहिलेला. लांब चिमट्याने ओढून काढला, नाहीतर ब्रेकची नळी तिथेच अडकली असती. आट्यांमध्ये रंग गेलेला, तो जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपाइल घेऊन साफ केला. मग दोऱ्याची टेस्ट, ही सगळ्यांनी करावी: हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) पुढून दोरा अडकवून दोन्ही टोकं मागच्या ड्रॉपआउटपर्यंत (मागचं चाक बसतं तिथपर्यंत) ताणून बांधायची आणि दोऱ्यापासून सीट ट्यूबचं अंतर दोन्ही बाजूंनी व्हर्निअरने मोजायचं. माझ्या फ्रेममध्ये फरक मिलिमीटरच्याही आत होता, तेव्हा कुठे जीवात जीव आला. नाण्याने ठोकून पण बघितलं, डावी-उजवी एकाच जागी ठोकायचं आणि आवाज एकसारखा येतो का ऐकायचं, कलिंगड घेताना करतो तसंच. आवाज कुठे बद्द आला तर त्या जागेचे थर सुटलेले असू शकतात. आमच्या इथल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांना दाखवायला नेली तर त्यांनी एका हाताने उचलली आणि म्हणाले, "प्लॅस्टिकची काय रे? आणि ह्यावर तू बसणार?"

ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, मित्राकडून घेतला, शिमानो १०५ आर ७००० सिरीज, अकरा स्पीड, हायड्रॉलिक डिस्क. तो डीआयटू वर, म्हणजे शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक गिअरवर गेला, मला स्वस्तात मिळालं. टूल्ससाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो, अ‍ॅलन की, व्हर्निअर, हॅकसॉ सगळं एका फेरीत मिळालं, फक्त छोटा टॉर्क रेंच सायकलवाल्यांकडूनच घेतला कारण आपल्याला लागतो तो ४-५ न्यूटन मीटरवर अचूक पाहिजे, गाडीच्या गॅरेजवाला मोठा रेंच इथे कामाचा नाही. कार्बन अ‍ॅल्युमिनियमसारखं आधी वाकून इशारा देत नाही, डायरेक्ट तडकतं. त्यामुळे "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हातात कार्बन फ्रेम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त पोटात गोळा कशाने आला तर फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वरची नळी कापताना. एकदा कापली की परत लांब होत नाही. आधी सगळे स्पेसर (नळीवरच्या रिंगा) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावून, स्टेमच्या वर अजून एक ५ मिलिमीटरचा स्पेसर ठेवून खूण केली, त्याच्या वरच्या कडेपासून ३ मिलिमीटर खाली कापायचं, म्हणजे वरची कॅप स्पेसरवर दाबून बसते. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळली, इंचाला ३२ दातांचं बारीक ब्लेड लावलं आणि बाथरूममध्ये बसलो, कारण कार्बनची धूळ घरभर उडाली तर कातडीला खाज आणि छातीला त्रास. मास्क लावून, पाणी शिंपडत, आधी एका बाजूने अर्धं आणि मग फिरवून दुसऱ्या बाजूने कापलं, एकाच बाजूने आरपार गेलं तर शेवटी तंतू फाटतात. चिखल पेपरने पुसून घेतला. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, तयार मिळते ना दुकानात? मग हे काय मांडून बसलायस?" कार्बनच्या नळीत स्टारनट (धातूच्या नळीत ठोकतात तो नट) ठोकायचा नसतो, आत फुगून पकडणारा एक्सपांडर प्लग लागतो, तो स्टेम आवळतो त्याच उंचीवर आत बसला पाहिजे म्हणजे नळीला आतून आधार मिळतो.

नळ्या फ्रेममधून ओढायला मॅग्नेटवालं महागडं टूल मिळतं. मी दोऱ्याच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून एका भोकात सोडला आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्युम क्लीनर लावला, दोन सेकंदात दोरा बाहेर. आई म्हणाली, "त्यात काही अडकलं ना, तर नवीन तू आणायचास." दोऱ्याने वायर ओढली, वायरने ब्रेकची नळी, आणि नळीवर फोमचं कव्हर चढवलं, नाहीतर खड्ड्यांतून जाताना आतल्या आत खडखड वाजत राहते. फोर्कमधली नळी तशी सोपी. मग नळी मापात कापून नवीन ऑलिव्ह (नळीच्या टोकाची रिंग) आणि कनेक्टर घातला, हे जुने परत वापरायचे नसतात, आणि शिमानोचं मिनरल ऑइल भरलं. ब्लीड करताना, म्हणजे तेलातली हवा काढताना, ब्रेकचे पॅड काढून ठेवा, तेलाचा एक थेंब पॅडवर पडला की पॅड गेले.

मागचा ब्रेक लावताना नाकी नऊ आले. फ्लॅट माउंटचे, म्हणजे फ्रेमवर सपाट बसणाऱ्या ब्रेकचे, बोल्ट चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) जाडीप्रमाणे वेगवेगळ्या लांबीचे येतात, मित्राच्या फ्रेमचे माझ्या फ्रेमला आखूड, दोन-तीनच आटे पकडत होते. नागदेवीला एम ५ चे बोल्ट पोत्याने मिळतात पण ब्रेकला मी तसला बोल्ट लावणार नाही, चेनस्टे व्हर्निअरने मोजली, २५ मिलिमीटर आली, त्या मापाचेच ओरिजिनल बोल्ट मागवून वाट बघत बसलो. ते आल्यावर कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) लावला तरी रोटर (ब्रेकची चकती) घासत होता, कितीही अ‍ॅडजस्ट करा, आवळला की तिरका. शेवटी स्टीलची पट्टी धरून बघितलं तर माउंटच्या एका कडेला रंगाचा ओघळ सुकलेला. नखाला लागेल न लागेल एवढाच. सपाट लाकडाच्या ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फक्त तेवढा रंग घासला, खालच्या कार्बनला हात न लावता, आणि कॅलिपर सरळ बसला.

बाकीचं भराभर झालं. बीएसएला चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाना वर उभा धरून दोन्हीकडे मागच्या चाकाकडे फिरवला की आवळतं. सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट, ती खरखरीत असते त्यामुळे कमी टॉर्कमध्येही पकड येते. माझी सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमची आहे, कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये घाम किंवा खारी हवा गेली की अ‍ॅल्युमिनियम खातं आणि पोस्ट आत जाम होते, मुंबईत तर नक्कीच, म्हणून ती अधूनमधून काढून पुसायची. गिअर लावताना आधी एल स्क्रू (डिरेलर आत किती जाईल ते अडवणारा), नाहीतर डिरेलर सरळ स्पोकमध्ये. क्रँक, कॅसेट ह्यांचे टॉर्क शिमानोच्या मॅन्युअलमध्ये छापलेले आहेत तेच वापरा.

पहिल्या दिवशी नुसती सोसायटीत फिरवली, गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून मुद्दाम आपटत. मग पहाटे हायवेने ठाण्याला आणि तिथून येऊर. सी लिंकवर, कोस्टल रोडवर सायकलला बंदी, त्यामुळे आपल्या नशिबी हायवेच. येऊरच्या चढावर जोर लावला की टिक-टिक यायला लागलं, सोबतच्यांनी लगेच बीबीवर बिल फाडलं, बीबीवर सगळेच फाडतात, पण पेडल थांबवून नुसता सीटवर भार दिला तरी आवाज येत होता म्हणजे बीबी नाहीच. घरी येऊन मागचा थ्रू अ‍ॅक्सल (चाक धरणारा आरपार दांडा) काढला, ठणठणीत कोरडा. ग्रीस लावलं, आवाज गायब. त्या राइडनंतर प्रत्येक बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासला, स्टेमचा एक थोडासा फिरला, बाकी सगळे जागेवर.

वजन बॅग मोजायच्या काट्यावर साडेआठ किलोच्या आसपास भरलं, पेडल धरून. बार टेप मात्र जुन्या सायकलचीच आहे, निळी. काळ्या मॅट फ्रेमवर ती बघून सोबतच्या लोकांना फार त्रास होतो, दर राइडला कोणीतरी बोलतंच, पण कुठे फाटलेली नाही तर कशाला काढू.