तांबू आणि चाळीस पावलं

२०२२ च्या भाद्रपदात माझ्या कुत्र्याने, तांबूने, खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या सिंबाचा कान फाडला. जिन्याच्या वळणावर दोघं अचानक समोरासमोर आले. एकाचा पट्टा माझ्या हातात, दुसऱ्याचा वहिनींच्या. तांबू भुंकला नाही की गुरगुरला नाही, त्याने थेट झडप घातली. सोडवायला मी मध्ये हात घातला आणि त्याचा दात माझ्या तळहातात रुतला. सिंबाला चार टाके पडले. मी हात नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि सरकारी दवाखाना गाठला. जखमेच्या कडेने रेबीजविरोधी सीरम दिलं आणि लसही त्याच दिवशी टोचली. मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी परत जायचं होतं. तांबूची स्वतःची रेबीजची लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी मला एकही डोस चुकवू दिला नाही.

त्या रात्री तांबू माझ्या पायाशी येऊन झोपला आणि मी जागी होते. शेजारी कोणी तोंडावर म्हटलं नसलं तरी मला दिसत होतं, हा कुत्रा आता या इमारतीत राहील की नाही याचाच विचार सगळे करत होते. मीही तोच करत होते.

तांबू गावठी. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत गोडोलीच्या तळ्याजवळ सापडला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. पिल्लाला दुसरी कुत्री, माणसं, आवाज यांची ओळख व्हायचे दिवस साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचे. त्यातले उरलेले सगळे दिवस त्याने आमच्या बाल्कनीत काढले. पुढे वर्षाचा झाल्यावर एकदा रस्त्यावरच्या तिघांनी त्याला गाठून लोळवलं. तेव्हापासून कुठलंही कुत्रं दिसलं की तो पट्टा ताणून, मागच्या पायांवर उभा राहून भुंकायचा.

भुंकणं बंद करायला मी एका ट्रेनरला बोलावलं. त्याने गळा आवळणारी साखळी दिली. कुत्रं दिसलं, हा गुरगुरला की जोरात हिसका द्यायचा. ‘तुम्ही मालक आहात हे त्याला कळलं पाहिजे, कळपाचा म्होरक्या व्हा,’ असं तो सांगायचा. म्होरक्याची ही कल्पना लांडग्यांच्या अभ्यासातून आली आणि ती लोकांपर्यंत नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच पुढे ती मागे घेतली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, हे त्यांनी १९९९ मध्ये मांडलं. मला हे फार उशिरा कळलं. तीन महिन्यांत तांबूचं गुरगुरणं खरंच थांबलं आणि मला वाटलं, सुधारला. पण गुरगुरणं ही त्याची सूचना होती, ‘लांब राहा’ म्हणण्याची. मी सूचना मोडून काढली, भीती तशीच राहिली. शिवाय कुत्रं दिसलं की गळा आवळतो, एवढं तो पक्कं शिकला. जिन्यातली मुकी झडप त्यातून आली. साखळी त्याच आठवड्यात भंगारात टाकली.

मग आधी करायला हवं होतं ते केलं, पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी कान आतून पाहिले. डाव्या कानात खोलवर जुना संसर्ग होता. मला धक्काच बसला, कारण डाव्या बाजूने कुत्रं आलं की हा जास्त बिथरतो हे मी कितीदा पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. तीन आठवडे थेंब टाकले. कुत्रा एकाएकी चावका झाला तर आधी कुठे दुखतंय का ते तपासून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. नसबंदीने फरक पडेल का, असंही विचारलं. भीतीमुळे होणारं भांडण त्याने जाईल असं धरून चालू नका, असं ते स्पष्ट म्हणाले. नसबंदी केली, पण त्या आशेने नाही.

खरं काम सुरू झालं ते शाळेच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला. माझ्या मैत्रिणीची कुत्री चिंगी म्हातारी आणि शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभी राहायची आणि मी पावलं मोजायचे. ४० पावलांवर तांबू तिच्याकडे बघायचा आणि तरीही माझ्या हातचं खायचा. ३५ वर यायचा आणि खाणं नाकारायचा. म्हणजे आमची हद्द ४०. तिथे उभं राहून उकडलेल्या कलेजीचे मटकीएवढे तुकडे द्यायचे. चिंगी दिसली की कलेजी, चिंगी आडोशाला गेली की कलेजी बंद. भुंकला नाही म्हणून बक्षीस, असा तो सौदा नव्हता. कुत्रं दिसणं म्हणजे चांगलं काहीतरी होणं, एवढीच गाठ त्याच्या मनात बांधायची होती.

यात माझी एक चूक दोन आठवडे चालली. लांबून कुत्रं येताना मला दिसलं की मी आधीच खिशात हात घालायचे. मग प्लास्टिकची पिशवी वाजली की तांबूची मान ताठ, डोळे चारी बाजूंना. माझी पिशवीच त्याला सांगत होती की कुत्रं येतंय. आधी त्याने कुत्रं पाहायचं, मग माझा हात हलायचा, हा क्रम पाळला तेव्हा गाडी रुळावर आली. कलेजी मी कमरेच्या कापडी थैलीत ठेवू लागले.

त्याचं तोंड वाचायलाही मी तेव्हाच शिकले. सुखात असला की जबडा सैल, जीभ बाहेर. कुत्रं दिसलं की तोंड मिटतं, खट्कन. मग ओठ चाटणं, शेपटी वर आणि ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसणं आणि सगळं अंग क्षणभर थिजणं. थिजला की वेळ गेली. तोंड मिटलं त्या क्षणालाच ‘चल, माघारी’ म्हणून वळायचं. हे वळणं आम्ही घरात, बैठकीच्या खोलीत, कुत्रं नसताना शेकडो वेळा केलं. नुसता शब्द ऐकला की पाय वळले पाहिजेत.

जाळीचं मुसकं सुद्धा घेतलं, ज्यात त्याला धापता येतं, पाणी पिता येतं. पंधरा दिवस मुसक्याच्या आतून दही लावून ठेवलं आणि त्याला आपणहून तोंड घालू दिलं, मगच पट्टा लावला. लोक बघून बाजूला व्हायचे. आधी वाईट वाटायचं, नंतर वाटलं, होऊ देत, आम्हाला अंतरच तर हवं आहे.

मध्ये दिवाळी आली. तीन रात्री फटाके झाले आणि पाडव्याला ४० पावलांवर दिसलेल्या चिंगीवरही तो पट्टा ताणून भुंकत सुटला. ताण साठत जातो आणि उतरायला वेळ लागतो. चार दिवस फिरणंच बंद ठेवलं. घरात गोणपाटाच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवून हुंगायला दिले. नाकाचं काम केल्यावर तो गाढ झोपायचा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, हा खरा कठीण भाग. नसबंदी करून त्यांना पकडलं तिथेच परत सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही साधारणपणे सांगतात. म्हणजे ती तिथेच राहणार, वाट आम्हीच काढायची. कोणत्या गल्लीत किती, कुणाचा शटरखाली मुक्काम, हे मी पाठ केलं. अंगावर आली तर पळायचं नाही, तांबूला मागे घेऊन मध्ये उभं राहायचं आणि मूठभर बिस्किटं त्यांच्या पुढ्यात फेकायची. तेवढ्या वेळात आम्ही निघून जातो. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत टोळकी जमतात, तेव्हा रात्रीचं फिरणं फक्त गच्चीवर.

आठ महिन्यांनी आम्ही १० पावलांवर आलो. त्याच्या पुढे फार गेलो नाही आणि आता मी तसा हट्टही धरत नाही. तांबूला कुत्र्यांत मित्र नाहीत. कोपऱ्यावरून एकदम कुणी निघालं तर अजूनही तो भुंकतो.

सिंबाच्या टाक्यांचे पैसे मी दिले. वहिनींनी पुढचे कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग एका संध्याकाळी त्या वर आल्या, दाराबाहेरच उभ्या राहिल्या आणि फिरायच्या वेळा ठरवून गेल्या. सकाळी सहापर्यंत जिना आमचा, सहानंतर त्यांचा. आता वेळ इकडेतिकडे होणार असली की त्या खालूनच हाक मारतात, ‘ताई, तांबू आत आहे का?’ मी ‘आहे’ म्हणते, दाराची कडी लावते आणि तांबूला कलेजीचा एक तुकडा देते. जिन्यावर सिंबाची नखं वाजत जातात. तांबू कान टवकारून ऐकतो आणि माझ्या हाताकडे बघतो.