सोपं आधी की अवघड आधी?

जर्मनीला जाणाऱ्या नर्सेसना मी पुण्यात जर्मन शिकवते. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला भाषेची साधारण बी-२ पातळी (युरोपातल्या सहा पायऱ्यांतली चौथी) लागते, त्यामुळे वर्गात कायम घाई.

‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ हा भाग पुस्तकात उशिरा येतो, कारण त्यानंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकावं लागतं. १९८० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ मानफ्रेड पीनेमान यांनी जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांच्या अभ्यासातून मांडलं, की शब्दक्रम पायरीपायरीनेच येतो, मधली पायरी गाळून वरची शिकवली तरी ती पचत नाही. शेवटचं क्रियापद ही त्यांच्या क्रमातली सर्वांत वरची पायरी.

आणि त्या सकाळी, हा धडा सुरू व्हायच्या आधीच, सोलापूरकडची एक मुलगी उशिरा आली. मी जर्मनमध्येच कारण विचारलं. ती म्हणाली, “वाइल देअर बुस श्पेट कोम्ट.” बिनचूक! हा एक शब्द तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकला होता, बाकी वाक्य तिने मराठीच्या चालीवर रचलं: कारण बस उशिरा येते. शेजारची इंग्रजी माध्यमातली मुलगी तिला ‘सुधारायला’ गेली, “नाही गं, कोम्ट श्पेट,” म्हणजे ‘येते उशिरा’. (जर्मन माणसं बोलताना असं सर्रास म्हणतात, पण परीक्षेत गुण जातात.)

मग मी पुस्तक मिटलं. ‘मी सहाला उठते’ जर्मनमध्ये विचारलं, तर सोलापूरकरणीचं ‘आउफश्टेए’ (उठते) अख्खंच शेवटी. साध्या वाक्यात ते फोडून ‘श्टेए’ दुसऱ्या जागी आणायचं आणि ‘आउफ’ टोकाला ठेवायचं, हे तिला जमेना. तेच ‘वाइल’ लावून सांगितलं की क्रियापद न फुटता शेवटी बसतं, आणि तिथे ती पुन्हा अचूक! पुस्तकाला जे अवघड वाटतं तेच तिला सोपं. इटालियनमध्ये क्रियापद मधे, आपल्याकडे शेवटी, त्यात नवल काय? तुर्की आणि कोरियन बोलणाऱ्यांचीही सुरुवात अशीच होते, असं संशोधकांनी नोंदवलंय.

आता मराठी माध्यमाच्या मुलींना मी ‘वाइल’ लवकर देते आणि वाचलेला वेळ ‘हॉयटे कोमे इश’वर (शब्दशः ‘आज येते मी’) घालवते, कारण आज, उद्या, घरी असं काही पुढे आलं की कर्त्याला मागे ढकलायला त्या तयारच नसतात. इंग्रजी माध्यमवाल्यांचंही तिथेच अडतं. ‘हॉयटे इश कोमे’ दोघींच्याही वहीत अजून सापडतं.