मोठ्या दवाखान्यांनी कणकुंबीचा रस्ता धरावा

बेळगावात दवाखान्यांना तोटा नाही. केएलई आहे, सिव्हिल म्हणजे आताचं बिम्स आहे, खासगी नर्सिंग होम तर गल्लोगल्ली आहेत. खानापूर, चंदगडची माणसं उपचाराला इथंच येतात. माझी नोकरी मात्र खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत, कणकुंबीच्या बाजूला गेली, उपकेंद्रावर एएनएम म्हणजे गावची नर्सबाई म्हणून. त्यामुळे दवाखाना केवढा मोठा आहे यापेक्षा तो गावाकडे किती येतो, हे मी आधी बघते.

दवाखाना गावाकडे आला की काय होतं, हे याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आवळलं नाही, तर वार सुटलेल्या जागेतून रक्त वाहत राहतं आणि धडधाकट बाई दोन-तीन तासांत हातची जाते. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पण ते थंडाव्यात ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. पावसाळ्यात आमच्याकडं लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. 2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तपासल्या. त्यांना फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. 1620 बायका होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली दिली ते देणारीलाही ठाऊक नसायचं. गोळी न मिळालेल्यांत शंभरात 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत 6.4. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास झाले, पण रक्त थांबलं. 2006 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

या गोळ्या दिल्या कुणी? घरी आणि उपकेंद्रात बाळंतपणं करणाऱ्या एएनएमनी. माझ्यासारख्याच बायकांनी. मला याचा फार अभिमान आहे.

त्याच कामातली एक वस्तू मी पुढं ट्रेनिंगमध्ये हातात घेतली. पारदर्शक प्लास्टिकचा कपडा. मूल बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली सरकवायचा, वरच्या पट्ट्या पोटावर बांधायच्या. खालचं टोक निमुळतं होत पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. त्याआधी रक्त कुठं जायचं? जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत, पोत्यात, सारवलेल्या जमिनीत. आम्ही नजरेनं अंदाज करायचो आणि नजर कमीच सांगते. बेळगावातच ताडून बघितलं तेव्हा डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी निघाला. पाचशेची, म्हणजे धोक्याची रेघ दिसली की वाद संपतो. सासूला समजावत बसायला लागत नाही, गाडी बोलवायची.

ज्या गावांतल्या बायकांमुळे जगाला ही गोष्ट कळली, तिथल्या आजच्या पोरींना ती माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. संशोधनाचा निकाल ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावरही सांगायला हवा, मराठीत, कन्नडमध्ये, जिथं जी भाषा चालते तीत.

आता घरची बाळंतपणं जवळजवळ संपली. जननी सुरक्षा आली, 108 आली, आशा आल्या. कर्नाटकात 2001-03 मध्ये लाख जिवंत जन्मांमागं 228 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 69. फरक मोठा आहे. पण त्याच वर्षांत शेजारच्या महाराष्ट्राचा आकडा 33 होता, म्हणून मी थांबायला तयार नाही.

आमच्याकडची अडचण वेगळीच आहे. पहिलटकरीण माहेरी जाते आणि खानापूरच्या निम्म्या सुनांचं माहेर चंदगडात नाही तर दोडामार्गात. सात महिने तपासण्या कर्नाटकात, तपासण्यांची नोंद असलेलं तायी कार्ड कन्नडमध्ये, आणि बाळंतपण महाराष्ट्रात. हिमोग्लोबिन सात होतं, रक्तगट निगेटिव्ह होता, हे तिकडच्या सिस्टरला कोण सांगणार? मी फोन करायची, ओळखीवर. हे ओळखीवर चालायला नको. बेळगावातला मोठा दवाखाना, खानापूरचं तालुका हॉस्पिटल आणि चंदगड, गडहिंग्लजचे सरकारी दवाखाने यांनी एकमेकांचे नंबर ठेवावेत आणि जोखमीच्या बाईची माहिती ती निघायच्या आधी पुढं पाठवावी. याला ना इमारत लागते, ना मशिन. दोन राज्यांचं भांडण कोर्टात चालू राहू दे, पण बाईचं रक्त तोवर थांबत नाही.

दुसरी गोष्ट भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांची. जून ते सप्टेंबर ओढे भरले की तिथून खाटेवर उचलून आणावं लागतं. महाराष्ट्रात गडचिरोली, मेळघाटाकडं सरकारनं माहेरघर काढलं आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाई दवाखान्याजवळ येऊन राहते, जेवण तिथंच. खानापुरात तसं व्हावं असं मला फार वाटतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकीण, रात्रीची एक सिस्टर. एखाद्या मेडिकल कॉलेजनं मनावर घेतलं तर एका पावसाळ्यात होईल.

पण खोल्या बांधण्याआधी घरची माणसं काय म्हणतात ते ऐकावं. एका सासूबाईंनी मला सरळ विचारलं होतं, “सिस्टर, रोप लावणी आलीया तोंडावर. हिला तिकडं नेऊन बसवली तर म्हशीची धार कोण काढणार, थोरल्या पोराला कोण बघणार?” त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून माहेरघरात थोरल्या पोराला जागा हवी, सोबतच्या बाईला जेवण हवं, आणि तिची बुडालेली मजुरी रोज हातात द्यायला हवी. बिलं लावून दोन महिन्यांनी नव्हे.